स्पिरिटचा बोळा

३ फेब्रुवारी १९७१, बुधवार

आज अडतीस पोरांना टोचलं! एकटीनं! दीड कोसावरच्या गावात देवीचा रोगी निघालाय, म्हणून सकाळपासून घरोघर फिरले. छबूबाईची चार महिन्यांची लेक सगळ्यांत लहान. दोन टोकांची सुई, पंधरा टोचे, पोर भोकाड पसरेपर्यंत काम झालेलं. प्रत्येक दंड आधी स्पिरिटनं लख्ख पुसला. दवाखान्यात तीन वर्षं नर्स म्हणून राबले, ती शिस्त अंगात मुरलीय.

७ फेब्रुवारी

सुट्टी. धुणं, केस, झोप.

१० फेब्रुवारी, बुधवार

सातवा दिवस. फोड आलेत का बघायला गेले. छबूबाईनं लेकीचा दंड पुढं केला — कोरा!

"ताई, तुमची टोच उगवलीच न्हाई. रोज बघतीया मी. थोरल्याची कशी टपोरी आल्ती!"

मी म्हटलं, येईल उद्या. पुढच्या घरी कोरा. त्याच्या पुढं कोरा. अडतीसपैकी एकालाही फोड नाही! आणि देवी दीड कोसावर.

संध्याकाळी आप्पासाहेब आले. तालुक्याचे जुने देवी डॉक्टर, म्हणजे लस टोचणारे. स्वतःचा चेहराही देवीच्या व्रणांनी भरलेला. वाटलं, आता माझी खरडपट्टी. त्यांनी पिशवीतला माझा बोळा हुंगला आणि मटकन ओट्यावर बसले. "बाई, लस जिती असती. तुमी तिला दारातच मारली."

एवढंच. आवाज चढला नाही की काही नाही.

११ फेब्रुवारी

सगळी घरं पुन्हा. आज नुसतं पाणी, कोरडं फडकं, मग लस. आप्पासाहेब लोकांना सांगत होते, "माज्याकडची लस खराब निगाली." माझं नावसुद्धा नाही! शरमेनं मान वर होईना.

वाटेत म्हणाले, "आत जाऊन ती करती काय, सांगत्यात का तुमच्या कालिजात?" संगमनेरला वर्षभर सायन्सला होते, ते आठवून सांगितलं. लशीतला विषाणू कातडीच्या पेशीत शिरतो, कवच उतरवतो, स्वतःच्या डीएनएच्या नकला काढतो. एकाचे हजारो होतात. ते बाहेर पडून शेजारच्या पेशी धरतात — तोच आपला फोड. तोवर शरीर त्याला ओळखायला शिकतं, आणि खरी देवी आली तर तिलाही ओळखतं. डीएनएवाले बहुतेक विषाणू नकला काढायला पेशीच्या केंद्रकात जातात, तिथली अवजारं वापरतात. हा नाही! ह्याची अवजारं ह्याच्याबरोबर. केंद्रकाबाहेरच मांडामांड करतो.

आप्पासाहेब हसले. "म्हंजी सुतारावानी. पेटी संगं, बसायला वसरी."

हे सगळं मी पेपरात लिहून मार्क मिळवले होते. स्पिरिटनं मेलेला विषाणू कसल्या नकला काढणार, हे कळायला वेगळी अक्कल लागते काय! तरी बोळा फिरवलाच.

मोठ्या पोरांना ते स्वतः झपाझप टोचत होते. तान्हं आलं की मात्र मांडीवर घ्यायचे आणि सुई माझ्याकडे द्यायचे. "तुमीच टोचा." एवढ्या चुकीनंतर माझ्यावर एवढा विश्वास! असा वरिष्ठ मिळाला, आणखी काय मागू?

१८ फेब्रुवारी, गुरुवार

उगवली!! अडतीसच्या अडतीस! गावात अजून कुणाला ताप नाही. छबूबाईच्या लेकीचा फोड तर मोत्यासारखा. तिनं माझ्या पदरात ओंजळभर हुरडा टाकला. मी रडले. तिला वाटलं, हुरड्यासाठीच.

२२ फेब्रुवारी, सोमवार

जामखेडला रजिस्टर द्यायला गेले. आप्पासाहेबांकडेच जेवले. ते हात धुवायला उठले, तेव्हा त्यांची बायको पुष्पावतीबाई हळूच म्हणाल्या, "आमची रतन चार म्हैन्यांची हुती. ह्यांनीच टोचली, स्पिरिट लावून. नवीनच हुते तवा. फोड आला न्हाई, तर म्हनले, येईल उद्या. म्हैन्याभरात देवी आल्या, अन् गेली पोर. तवापासून तान्ह्याला सुई लावत न्हाईत."

आणि मी त्याला विश्वास समजत होते.