शर्यतीआधी नुसतं बसणं

२८ मार्च १९५५
क्लबच्या फळ्यावर नोटीस लागली. बावीस मेला बायकांची पोहण्याची शर्यत, चार फेऱ्या. आजवर कारखान्याच्या तलावात शर्यती पुरुषांच्याच. आम्हाला दुपारचा चार ते पाचचा तास आणि काठावरच्या गप्पा. मी तिथल्या तिथे नाव लिहिलं. माझ्याखाली सौ. राजेंनी लिहिलं. नुकतीच लग्न होऊन क्वार्टर्समध्ये आलेली मुलगी, चोवीसची असेल. मी सदतीस. असू दे. माहेरी बेलवलीच्या नदीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकले तेव्हा ही पाळण्यातसुद्धा नव्हती.
घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "दोन मुलांची आई ना तू?" (सासूबाई दर वेळी पूर्ण लिहायला हात दुखतो. यापुढे सा.बा.) हे म्हणाले, "आईचं तू बघ. माझी काही हरकत नाही." यांची कशालाच हरकत नसते. मदतही नसते.

४ एप्रिल
सकाळी सहाला एकदा, दुपारी एकदा. सकाळच्या वेळेसाठी सेक्रेटरींना स्वतः जाऊन भेटले. म्हणाले, लेडीजना सकाळी कशाला हवंय? म्हटलं, शर्यत ठेवलीत ती कशाला? परवानगी मिळाली. राजेही येते.
ठरवलंय, एक दिवससुद्धा खाडा नाही. आपल्या मेहनतीत कुणाला बोट ठेवायला जागा ठेवायची नाही, हा माझा स्वभावच.

११ एप्रिल
काय होतंय कळत नाही. पहिल्या दिवशी राजे आणि मी बरोबर भिंतीला लागायचो. आज ती पोचून मागे वळून बघत होती, मी अजून मध्येच. हात उचलतच नाहीत. पोहून आल्यावर दहा शेर साबुदाणा शिजवून पापड्या घातल्या. रात्री वेणी घालायला हात वर जाईना.
उपाय एकच, आणखी पोहायचं. उद्यापासून दुपारी दोन फेऱ्या जास्त.

१५ एप्रिल
जास्त पोहते, जास्त मागे पडते. राजे म्हणाली, "वहिनी, तुमचं वय आहे हो, फार ताणू नका." गोड आवाजात. जळफळाट झाला. हसले.

१६ एप्रिल
कावळा शिवला. आताच शिवायचा होता मेल्याला. मागच्या व्हरांड्यात कोपरा, तरट, वेगळा तांब्या. सा.बा. ताट लांबून सरकवतात, पाणी वरून ओततात. मला तलाव चार दिवस बंद. तिकडे राजे रोज दोन वेळा पाण्यात असणार. माझी तीन आठवड्यांची मेहनत गेली पाण्यात, तीही मी पाण्यात नसताना.

१८ एप्रिल
काय करणार. झोपले. दुपारी झोपले, पुन्हा संध्याकाळी झोपले. लग्न झाल्यापासून इतकी झोप आठवत नाही. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

२० एप्रिल
आज उलटंच झालं.
काल डोक्यावरून न्हायले, आज सकाळी तलावावर गेले. मनात धरूनच गेले की आज हसं होणार. पाण्यात उतरले आणि हात आपोआप पुढे जायला लागले. नदीत जायचे तसे. चौथ्या फेरीला भिंत धरली, नाक पुसलं, बाजूला बघते तर राजे यायची होती. मी भिंतीला टेकून तिची वाट बघत होते. मी.
म्हणाली, "वहिनी, गुपचूप कुठे सराव केलात?" काय सांगू, तरटावर?
घरी येऊन सा.बां.नी सांगितलेलं सगळं काम एका शब्दानेही न बोलता केलं. त्यांनाच संशय आला.

२१ एप्रिल
योगायोग असेल. आता हातात आलंय ते सोडायचं नाही. पुन्हा दोन वेळा सुरू.

३ मे
पुन्हा तेच. खांद्यात शिसं ओतल्यासारखं. राजे पुढे. मुलं सुटीला मामाकडे बेलवलीला गेलीत, म्हणजे घरातलं काम कमी व्हायला हवं. सा.बां.नी तेवढ्यात गव्हाचं काढलं. म्हणाल्या, मुलं नाहीत तोवर कुरडया उरकू, वीस-एकवीसला. शर्यत बावीसला आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे. विसरलेल्या असाव्यात असं समजायचं माझं मन होत नाही.

६ मे
टांगा करून उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये लाजवंतीबाईंकडे. ब्लाउज त्याच शिवतात माझे. आता पोहण्याचा पोशाख सांगितला, गर्द निळा, गुडघ्यापर्यंत. काचा मारलेलं जुनं लुगडं पाण्यात पायात येतं. माप घेता घेता थांबल्या. म्हणाल्या, "बाई, दिवाळीचा ब्लाउज आता नाही होणार तुम्हाला. खांदा बघा, एकदम पहलवान." दुकानातल्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी आरशात पाठ वळवून वळवून बघितली. मला आवडली. खोटं कशाला लिहू, फार आवडली.

१४ मे
पुन्हा कोपरा. या खेपेला चिडले नाही. म्हटलं, बघूच. मुद्दाम काही करायचं नाही. वाचायचंही नाही फार. पडून राहायचं, जेवायचं, झोपायचं.
सा.बा. ताट सरकवताना म्हणाल्या, "आज तोंड वाजत नाही ते?" म्हटलं, सराव चाललाय. त्यांना कळलं नाही. मलाही अर्धंच कळलंय.

१८ मे
कळलं.
आज पुन्हा तसंच झालं. पाणी तेच, राजे तीच, मीही तीच. फरक एकच, चार दिवस बसले होते. म्हणजे योगायोग नव्हे. इतके दिवस वाटायचं की पोहणं पाण्यातच वाढतं. ते वाढतं बसल्यावर. पाण्यात आपण फक्त झिजतो, भरून निघतं ते नंतर, आणि मी भरून निघायला वेळच देत नव्हते.
आणि त्यात विटाळाचं काहीच नाही. मला कोपऱ्याने नाही बळ दिलं, विश्रांतीने दिलं. कोपरा नसता तरी दिलं असतं.
म्हणजे आता करायचं ते उघड आहे. उद्या एकदा नीट पोहायचं, मग वीस-एकवीसला अंग हलवायचं नाही. नेमक्या कुरडया. चीक हाटायचा, सोऱ्या दाबायचा, दोन दिवस. त्याच खांद्यांनी.

१९ मे
खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. कावळा शिवला म्हटलं की कुणी बोटाने शिवत नाही. पण आत्ताच न्हायलेय, आणि सा.बां.चा हिशेब पंचांगापेक्षा पक्का. शिवाय मग रविवारी तलावात उतरू कोण देईल?
म्हणून खरंच बोलले. संध्याकाळी त्या गहू चेचून चीक गाळत होत्या. हे वर्तमानपत्रामागे.
म्हटलं, "आई, उद्या-परवा मी बसणार आहे."
"आत्ता ना न्हायलीस?"
"कावळा नाही. नुसतीच बसणार. शर्यतीसाठी."
हात थांबले त्यांचे. "बाईमाणूस नुसतं बसतं का?"
म्हटलं, "महिन्याचे चार दिवस मी कोपऱ्यात बसते, तेव्हा घर चालतं. मग दोन दिवस खुर्चीत बसले तर का चालू नये?"
वर्तमानपत्राचं पानसुद्धा उलटलं नाही. सा.बा. पुन्हा चीक गाळायला लागल्या, जरा जोरात.
बोलले याचा मला अभिमान वाटतोय.

२० मे
बसणं किती अवघड आहे. पुढच्या व्हरांड्यात, यांच्या आरामखुर्चीत, सगळ्या क्वार्टर्सच्या डोळ्यांसमोर. आत सा.बा. शेजारच्या काकूंना घेऊन चीक हाटताहेत. भांडी जरुरीपेक्षा जास्त वाजत होती. दोनदा उठून दारापर्यंत गेले. दोनदा परत येऊन बसले. चार दिवस तरटावर पडले तेव्हा एकदाही लाज वाटली नव्हती, कारण ते कुणी तरी बसवलेलं. आज स्वतः बसले तर चोरी केल्यासारखं.
राजे सकाळी टॉवेल घेऊन गेली, दुपारी पुन्हा गेली. फाटकाशी थांबून म्हणाली, "वहिनी, नाव काढून घेतलं की काय?" म्हटलं, "नाही. सराव करतेय." चेहरा बघण्यासारखा झाला तिचा.
काकूंनी आतून विचारलं, सुनेला बरं नाही का? सा.बा. म्हणाल्या, "अंग कणकणतंय तिचं." मी इथून मोठ्याने सांगितलं, "मला काही झालेलं नाही, काकू. ठणठणीत आहे." मग कितीतरी वेळ भांडी वाजलीच नाहीत.

२१ मे
हे मला लिहून ठेवायचंच आहे.
दुपारी काकू गेल्या. कुरडया वाळत घातलेल्या. सा.बा. बाहेर आल्या, वाटीत गरम चीक, वर दूध-साखर. मला वाटलं बाजूच्या स्टुलावर ठेवतील. हातात दिली. बोटं लागली बोटांना. म्हणाल्या, "खा. उद्या हरलीस तर दोन दिवसांच्या कुरडया एकटीने घालायला लावीन."
म्हटलं, कबूल.
गेल्या नाहीत. पायरीवर टेकल्या, पाय लांब केले. पावलं सुजलेली होती. इतक्या वर्षांत मी त्यांची पावलं अशी पाहिलीच नव्हती, कायम चालती असतात.
म्हणाल्या, "माझं बंद झालं तेव्हा सगळ्या म्हणाल्या, सुटलीस. मीही म्हटलं, सुटले. मागाहून लक्षात आलं, बसणंच गेलं. तेव्हापासून कुणी बस म्हटलं नाही मला."
डोळ्यांत पाणी आलं, ते वाटीत बघून लपवलं. सतरा वर्षं झाली मला सून होऊन या घरात. कोपऱ्यात बसून मी त्यांच्यावर चिडायचे, आणि त्या ताट सरकवून पुन्हा चुलीपाशी जायच्या. कधी मनातच आलं नाही.
खुर्चीतून उठले. म्हटलं, "आई, इथे बसा."
"आणि तू?"
"मी पायरीवर. मला बसल्याशी मतलब."
बसल्या. आधी कडेवर, पाठ ताठ. मग हळूहळू मागे रेलल्या. डोळा लागला त्यांचा. संध्याकाळचा चहा कुणीच केला नाही.

२२ मे, दुपार
हात हलके आहेत. खांदे इतके मोकळे की सकाळपासून उगाच फिरवून बघतेय. निळा पोशाख पिशवीत. राजे सकाळीही पोहून आली म्हणतात. ती तरुण आहे, जिंकेलही. पण आज पाण्यात उतरेन ती पूर्ण मी उतरेन, थकून उरलेली नव्हे. इतकं मी स्वतःला आजवर कधी दिलं नव्हतं. भिंतीला कोण आधी लागेल ते लागो, मला आत्ताच ताठ चालावंसं वाटतंय.
सा.बा. शर्यत बघायला येणार आहेत. सोवळ्याचं, लोकांचं काही काढलं नाही. जरीकाठी लुगडं नेसून तयार होऊन खुर्चीत बसल्यात. आपण होऊन.
यांनी कपडे घालता घालता विचारलं, "आई, कुरडया उलटायच्यात ना? आणि चहाचं काय?"
सा.बा. म्हणाल्या, "ही पोहणार. मी बसलेय."
हे थांबले. आम्ही दोघींनी एकदमच त्यांच्याकडे बघितलं.