पॅनेलवर चिकटवलेल्या नोटिशीच्या सावलीबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता (तपासणी),
वीजपुरवठा उपविभाग कार्यालय,
पहिला मजला, तक्रार खिडकीच्या मागची खोली.

विषय: गच्चीवरील सौर पॅनेलवर आपल्या कार्यालयाने चिकटवलेली नोटीस दोन विती बाजूला सरकवण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: १) सदर नोटीस, जी वाचण्यासाठी गच्चीवर जावे लागते. २) आपले त्यानंतरचे पत्र, ‘वापरातील संशयास्पद वाढ’ या विषयाचे.

महोदय,

१. तपासणीच्या दिवशी आमच्या गच्चीवर पुढील वस्तू होत्या: सौर पॅनेल दोन, प्रत्येकी ३३० वॅटचे, त्यांना धरणारी लोखंडी चौकट एक, तिचे नटबोल्ट बारा, पैकी गंजलेले तीन, पाण्याची टाकी एक, कपडे वाळत घालायची दोरी एक, पॅनेलवर सावली पडणार नाही इतकी दूर, तळ गेलेली बादली एक. खाली आमच्या दाराच्या आत बारा व्होल्टच्या बॅटऱ्या दोन, एकीमागे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेल्या, इन्व्हर्टर एक, पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा चार्ज कंट्रोलर एक. घरात दिवे चार, पंखे दोन आणि बाबांचे ऑक्सिजनचे यंत्र एक. यांपैकी चोरीचे काहीही नव्हते. बादली कोणाची आहे हे मात्र मला सांगता येत नाही.

२. बाबांची फुप्फुसे निकामी होत आली आहेत. सदर यंत्र हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने त्यांच्या नाकाला देते. ते ३०० वॅट घेते आणि थांबून चालत नाही. आमच्या भागात वीज जाते. ती कधी जाणार हे आपल्याला आधी ठाऊक असावे, अशी मला शंका आहे. राखीव सिलिंडरसाठी आमचे नाव नोंदवलेले आहे, क्रमांक आलेला नाही. म्हणून ही जुळणी मी स्वतः केली. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बढाई मारणार नाही. बॅटऱ्यांवर एकूण २४०० वॅट-तास असे छापलेले आहे. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक उपसले तर ती लवकर मरते, आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. हाती हजारच्या आसपास उरतात. म्हणजे यंत्र तीन तास, थोडे वर. पंखा लावला की तेवढा श्वास कमी. इस्त्री आणि मिक्सर यांची नावेही या बॅटरीसमोर काढायची नाहीत असा घरात नियम आहे. आईने तो एकदा मोडला, तेव्हा इन्व्हर्टरने केलेला आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला होता. भर उन्हात मात्र दोन्ही पॅनेल मिळून, छापील ६६० पैकी, या साध्या कंट्रोलरमधून चारशे वॅट देतात. त्या वेळी बॅटरी रिकामी असली तरी यंत्र नुसत्या उन्हावर चालते. हे शेवटचे वाक्य कृपया लक्षात ठेवावे.

३. आपले तपासनीस आले ते ‘प्राप्त तक्रारीनुसार’. त्यांची पद्धत अशी आहे: घरातला पंखा लावायचा आणि मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का ते पाहायचे. पंखा फिरला, दिवा लुकलुकला नाही. दिवसा आमचे सर्व काही पॅनेलवर असते, मीटरमधून काहीच जात नाही, हे मी त्यांना तारा दाखवून सांगितले. ते म्हणाले, “ताई, पंखा हलतोय आणि मीटर हलत नाही. मी काय समजायचं?”

आई म्हणाली, “वर ऊन पडलंय, असं समजा.”

“ऊन कोणाच्या नावावर आहे?” असे विचारून त्यांनी काहीतरी टिपून घेतले. आईने दिलेले पाणीही त्यांनी पेला उजेडाकडे धरून पाहिल्यानंतरच घेतले. त्यांचा आमच्यावर संशय होता हे खरे. पण तेव्हापासून आमचाही त्यांच्यावर आहे, हे नमूद करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. मीटरच्या लाइनवरून बॅटरी भरणारी वायर, ‘यातूनच काहीतरी होत असावे’ म्हणून, सील केली. आणि एका पॅनेलच्या काचेवर खळ लावून नोटीस आडवी चिकटवली: ‘सदर उपकरण संशयाधीन आहे. ही नोटीस काढणे, फाडणे, झाकणे वा हलवणे दंडनीय आहे.’ त्यांच्याजवळ एकच नोटीस शिल्लक होती, त्यामुळे दुसरे पॅनेल संशयातून सुटले.

४. पॅनेलवर बहात्तर सेल असतात. ते चोवीस-चोवीसच्या तीन साखळ्यांत जोडलेले असतात. पाण्याच्या नळीवर एका ठिकाणी पाय दिला की सगळी नळी अडते, तसेच साखळीतला एक सेल झाकला की ती साखळी बाद होते. आपली नोटीस दोन साखळ्यांच्या शिवेवर बसली आहे. तिच्याखाली दोनच सेल जवळजवळ पूर्ण झाकले गेले, पण दोन साखळ्या गेल्या. उरलेल्या एका साखळीचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा कमी असल्याने ते पॅनेल बॅटरीला काहीच देऊ शकत नाही. कागदाने पॅनेलचा तिसावा भागदेखील व्यापलेला नाही. काम मात्र पूर्ण थांबले आहे.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नये. मीही ठेवला नाही. पॅनेलच मुळात बिघडले असेल, असा संशय घेऊन मी तेवढ्याच मापाचा कोरा कागद दुसऱ्या, निर्दोष पॅनेलवर त्याच जागी धरला. त्याचा प्रवाह ८.१ अँपिअरवरून शून्यावर आला. कागद उचलला, पुन्हा ८.१. हा प्रयोग माझ्या स्वतःच्या कागदाने केला असून आपल्या नोटिशीला हात लावलेला नाही. तिचा वायव्येकडचा कोपरा उन्हाने आपोआप उचकटला आहे. तो आम्ही उचकटलेला नाही, हे दाखवण्यासाठी रोजचा फोटो काढून ठेवते.

५. नोटीस लागल्यापासून बॅटरी एकदाही पूर्ण भरलेली नाही. जी भरते ती वीज गेल्यावर बाबांसाठी हवी, म्हणून एरवी यंत्र आम्ही आपल्या खात्याच्याच विजेवर चालवतो. साहजिकच मीटर फिरू लागले. त्यावर आपले दुसरे पत्र आले: ‘नोटीस लावल्यानंतर वापरात एकदम वाढ झाली, यावरून त्यापूर्वी चोरी होत असल्याच्या संशयास बळकटी मिळते.’ मी हे पत्र अनेकदा वाचले. त्यात तर्काची चूक आहे, पण ती इतकी गोल आहे की बोट कुठे ठेवावे हे कळत नाही.

६. तक्रार कोणी केली हे आपण गुप्त ठेवले आहे. आईचा संशय समोरच्या दाराच्या काकूंवर होता. वीज गेली की त्या जिन्यात पुठ्ठ्याने वारा घेत बसतात आणि आमचे दार उघडे असले तर, “तुमचं बरंय बाई, तुमच्याकडे सूर्य नोकरीला आहे,” असे म्हणतात. नोटीस लागली त्या दिवसापासून आईने त्यांच्याशी बोलणे टाकले. जिन्यात समोर आल्या तर ती भिंतीवरचा चुना न्याहाळत चढायची. माझाही काकूंवर संशय होता. त्यांनी गच्चीची किल्ली दोनदा मागून नेली होती, आणि एवढ्या पुराव्यावर मी समाधान मानले, याची मला पदवीधर म्हणून लाज वाटते.

गेल्या आठवड्यात आपले दुसरे पत्र मी बाबांना वाचून दाखवले. ते बराच वेळ नळी सारखी करत राहिले. मग म्हणाले, “तक्रार नव्हती ती. मी फोन केला होता.”

“कोणाला?” आईने विचारले.

“ऑफिसला. मीटर बंद दिसलं, म्हणून कळवलं.”

“अहो, आपलंच मीटर.”

“घर कोणाचं ते बघायचं नसतं. बंद मीटर दिसलं की कळवायचं.”

महोदय, बाबा आपल्याच खात्यात मीटरवाचक होते. बंद मीटर कळवणे हे त्यांचे जन्मभराचे काम. त्यांनी सख्ख्या भावाचेही मीटर कळवले होते, तेव्हापासून काका येत नाहीत. सौर जुळणी मी बाबा रुग्णालयात असताना केली आणि दिवसा मीटर थांबते हे त्यांना सांगायचे माझ्याकडून राहून गेले. घरी आल्यावर दारातच त्यांची नजर सवयीने मीटरवर गेली.

“आणि मी त्या बाईकडे पाठ करून जिना चढतेय,” आई म्हणाली. “आता तिला काय सांगू?”

“सांग, नवऱ्याने कळवलं.”

नोटीस काढू का, असे मी त्यांना त्याच वेळी विचारले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते: “खात्याचा कागद आहे. खात्याच्या माणसानेच काढायचा. तू अर्ज कर.”

७. म्हणून अर्ज करत आहे. नोटीस काढून टाकावी अशी मागणीही मी करत नाही. आपला संशय आपल्याजवळ राहो. ती दोन विती बाजूला सरकवून काचेबाहेर, नाहीतर पॅनेलच्या मागच्या बाजूस लावावी. ते नियमात बसत नसेल तर चौकटीला टांगावी. तेही नसेल तर पारदर्शक कागदावर छापून तिथेच लावावी. यापैकी काहीच शक्य नसल्यास नोटिशीत सेलच्या मापाच्या दोन खिडक्या कापण्याची परवानगी द्यावी. मजकुराचे एकही अक्षर जाणार नाही अशी जागा शोधली, पण ती मिळाली नाही. ‘संशयाधीन’ हा शब्द नेमका दोनपैकी एका सेलवर येतो.

८. इथपर्यंतचा मजकूर काल सकाळी लिहून झाला होता. तो बदललेला नाही, कारण बदलला असता तर आधी काय विनंती होती हे पुसले गेले असते. विषयाच्या ओळीत ‘सरकवण्याची परवानगी मिळण्याबाबत’ याऐवजी आता ‘परवानगीपूर्वी काढल्याबाबत’ असे वाचावे.

मी अर्ज घेऊन निघणार तोच वीज गेली. बॅटरी जेमतेम तिसरा हिस्सा भरलेली होती. आपल्या कार्यालयाचा फोन लागत राहिला, उचलला गेला नाही. दुपार व्हायच्या आत बॅटरी संपली आणि यंत्र थांबले. माथ्यावर ऊन होते, गच्चीवर पॅनेल दोन होते, आणि यंत्राला शंभर वॅट कमी पडत होते. बाबांचे ओठ काळसर दिसू लागले. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी एकेक शब्द सुटा करत सांगितले, “अखंड काढा. ऑफिसला परत द्यायचा आहे.”

आई आणि मी वर धावलो. समोरच्या काकू आमच्या उघड्या दारातून सगळे ऐकून आधीच तिथे ओला टॉवेल आणि उलथने घेऊन उभ्या होत्या. गच्चीची किल्ली त्यांच्याकडेच होती. काकू आईला म्हणाल्या, “कडेने सोल, मधून धरशील तर फाटेल.”

“मला शिकवू नका, वहिनी.”

“मग नख लाव की जरा.”

नोटीस लागल्यापासून त्या दोघींचे हे पहिलेच बोलणे. मी खाली येऊन बाबांजवळ बसले. वरून काकूंनी “निघाला” म्हणून सांगितले, त्यानंतर थोड्या वेळाने इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला. वीज पुढे संध्याकाळी आली.

९. आता आमचा वापर पुन्हा कमी होईल. त्या कमी होण्याचा आपले कार्यालय काय अर्थ लावेल, याविषयी मला दाट संशय आहे. म्हणून आधीच लेखी कळवत आहे. दंड असल्यास तो माझ्या नावे लावावा, बाबांच्या नव्हे. त्यांच्या निवृत्तिपत्रावर ‘सेवा निष्कलंक’ असे लिहिलेले आहे आणि ते पत्र त्यांच्या उशाशी असते. वायरीचे सील आम्ही तोडलेले नाही. ते काढण्यासाठी खात्याचा माणूस पाठवावा, ही विनंती. शक्यतो दिवसा पाठवावा, म्हणजे मीटर थांबलेले पाहता येईल.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत असलेली,

(सही)
अर्जदार, मीटरधारकाची मुलगी
तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडचे दार
दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत:
१) आपली नोटीस, मूळ प्रत, अखंड, वाळवलेली.
२) उचकटलेल्या कोपऱ्याचे फोटो.
३) पॅनेल, बॅटऱ्या व इन्व्हर्टरच्या पावत्या. बादलीची नाही.
४) कालची मापने. नोटीस असताना: दोन्ही पॅनेल मिळून ८.० अँपिअर, यंत्र बंद, बाबांच्या बोटावरील मापकात ऑक्सिजन ८१ टक्के. नोटीस काढल्यावर: १६.१ अँपिअर, यंत्र चालू, ९३ टक्के.