कोमलचा डावा हात

गुरुवार, संध्याकाळ

बी.एड.चा शेवटचा पाठ झाला. सहावीचा वर्ग, अपूर्णांक. निरीक्षक सर जाम खूश. "सगळ्या वर्गाचे हात वर! झालात तुम्ही शिक्षिका."

हात वर असणारच. मीच काल मुलांना सांगून ठेवलं होतं, येत असेल तर उजवा हात वर करा, नसेल तर डावा. आमच्या कॉलेजात सगळेच असं करतात. दोन वर्षांत हेच शिकले का मी?

खिडकीजवळची कोमल पूर्ण तास डावा हात वर धरून होती. दुखला नसेल? सर गेल्यावर ती जवळ आली.

"मॅडम, तुमचा पाठ झाला न्हवं? मग आता मला शिकवा की."

शिरोलीहून शेवटची बस पकडायची होती. "उद्या नक्की," म्हणाले आणि निघाले.

उद्यापासून त्या शाळेत मी नाहीच. ते तिला माहीत नाही.