मशीनच्या बांगड्या

३ सप्टेंबर

बांगड्या! "मशीनला बांगड्या भरतेस काय गं?" म्हणाला दादा. अख्ख्या वर्कशॉपसमोर. दोघे कामगार खो खो हसले आणि मी, सेहेचाळीस वर्षांची बाई, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

मागितलं काय होतं मी? स्टॉप कॉलर. लोखंडाची कडी ती. लाकडात खाचा पाडायच्या मशीनच्या दांड्यावर चढवायची, बारका स्क्रू आवळायचा, की दांडा तेवढ्यावरच थांबतो. खाच तीस मिलिमीटर खोल हवी तर प्रत्येक खाच तीसच. यात हसण्यासारखं काय आहे?

दादाची पोटदुखी वेगळीच आहे — मशीन मी चालवते! बावीस वर्षं मला पोलिशच्या खोलीत ठेवलं. वासानं डोकं भणभणायचं, नखं कायम काळी. गेल्या वर्षी मशीनवाला सोडून गेला तेव्हा दादा "दोन दिवस उभी राहा" म्हणाला. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. मी संपू देणारही नाही.

४ सप्टेंबर

वाचनालयाच्या खुर्च्यांचं काम आलं. साठ खुर्च्या! मागणीचा कागद दादानं वहिनीकडून मोठ्यानं वाचून घेतला. चष्मा वर राहिला म्हणे. वर म्हणजे कुठे, तर आम्ही राहतो तिथे, एक जिना चढून. पण साहेबांना जिना चढायचा कंटाळा.

साठ खुर्च्यांचे दोनशे चाळीस पाय. प्रत्येक पायाला शेजारच्या दोन बाजूंनी एकेक खाच, खाचेत आडपट्टीची कूस, म्हणजे तासून बारीक केलेलं टोक, बसवायची. खाच कमी खोल गेली तर कूस पूर्ण बसत नाही, फट राहते. जास्त गेली तर दोन्ही खाचा आत एकमेकींना भिडतात आणि पाय पोकळ होतो. आणि दादा खोली कशी ठरवतो? कानानं! "पटाशीचा आवाज बदलला की थांबायचं. पट्ट्या लावून मोजायला आपण काय शिंपी आहोत?"

त्याच्या कानाची सत्तावीसची खाच मी मोजली आहे. पस्तिसाचीही. मग सरसात भुसा कालवून फट बुजवायची आणि वरून पोलिश मारायचं. कुणी मारलं ते पोलिश? मीच!

६ सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या लेथवाल्या काकांकडे गेले.

"किती कॉलर हव्यात?"

"सहा."

"दादाला विचारलंस का?"

"काका, तुम्ही लेथ चालवता की चौकशी समिती?"

हसले. हातातलं काम बाजूला ठेवून तासाभरात सहा कॉलर करून दिल्या. अजून गरम होत्या, पदरात गुंडाळून आणल्या.

७ सप्टेंबर

बसवली! पटाशी लाकडाला जेमतेम टेकेपर्यंत खाली आणली. बरोबर तीस मिलिमीटरचा ठोकळा घासून ठेवला होता, तो कॉलर आणि मशीनच्या अंगामध्ये ठेवला. कॉलर त्याच्यावर टेकवली, स्क्रू आवळला, ठोकळा काढून घेतला. जेवढी जागा ठोकळ्यानं सोडली, पटाशी तेवढीच खाली जाणार. डोकं लावायलाच नको. दहा खाचा पाडल्या, दहाही तीस.

दादा दारात उभा होता. आत आला, ठोकळा उचलून बोटांत फिरवला, परत ठेवला. बोल की!

९ सप्टेंबर

लिहायचीसुद्धा इच्छा नाही.

चौदा पाय गेले. खाचा भराभर पडत होत्या आणि मी खुशीत पायांवर पाय रचत होते. पहिल्या दहा खाचा मोजल्या होत्या, नंतर मोजायची गरज काय? कॉलर आहे ना! दुपारी एका पायात कूस ठोकून बघितली, तर पाय मधोमध उकलला. मोजलं तर अडतीस. धक्क्यानं धक्क्यानं कॉलर वर सरकत गेली होती.

दादानं उकललेल्या पायावरून अंगठा फिरवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आणखी एक पाय गेला," म्हणाला, "तर तू पोलिशला. कायमची. नवा माणूस बघून ठेवलाय."

बघून ठेवलाय! म्हणजे मी चुकायची वाटच बघत होता.

१० सप्टेंबर

नाही जाणार.

११ सप्टेंबर

लेथवाले काका मशीन बघायला स्वतः आले. बघून म्हणाले, "एवढं मोठं मशीन एका बारक्या स्क्रूच्या भरवशावर सोडलंस, बाई? धक्का बसला की तो घसरणारच. त्यात दांड्यालाही ओरखडा पडलाय, आता तो त्याच ओरखड्यात जाऊन बसणार."

चूक माझीच. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणावर ढकलता येणार नाही. दांडा घासून गुळगुळीत केला. स्क्रूच्या टोकाखाली मऊ पितळेचा तुकडा घातला, म्हणजे दांड्यावर पुन्हा ओरखडा नको. पहिल्या कॉलरच्या पाठीला दुसरी कॉलर लावून आवळली. आता हल म्हणावं!

आणि दर पाचव्या खाचेला मोजायचं. खुशीत असले तरी.

१३ सप्टेंबर

शंभर पाय झाले. सगळे तीस. खांदे भरून आलेत, बोटांना लाकडाचा वास.

वहिनी जेवायला बोलवायला खाली आली. म्हणाली, "अगं, ते काही वाईट नाहीत."

"वाईट नाही. हट्टी आहे. आणि मी त्याचीच बहीण आहे!"

वहिनी काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "भाजी गार होतेय."

१५ सप्टेंबर

आज सकाळी दादाच्या आधी खाली यायचं ठरवलं होतं. पण वर्कशॉपचं कुलूप आधीच उघडलेलं! दादा मागे फळ्या लावत होता, जसं काही झालंच नाही.

पण माझी कॉलर हलवलेली होती. पुन्हा लावलेलीही होती. ठोकळा मी ठेवते त्याच्या उलट्या बाजूला पडलेला. मशीनवर एक पाय, दोन ताज्या खाचा. मोजल्या. तीस. आणि तीस.

म्हणजे साहेब गुपचूप शिकून घेतायत! दिवसा बांगड्या म्हणून हसायचं आणि मी यायच्या आत हात साफ करायचा. आता उद्या नव्या माणसाला दाखवणार — हे बघ, इतकं सोपं आहे. कॉलर माझी, ठोकळा माझा, चौदा पायांची बोलणी मी खाल्ली, आणि मशीन दुसऱ्याचं!

दिवसभर मशीन सोडलं नाही. एकशे ऐंशी पाय पूर्ण केले. रागानं काम फार छान होतं.

उद्या विचारणार. सगळ्यांसमोर. तोही सगळ्यांसमोरच हसला होता.

१६ सप्टेंबर

विचारलं. "माझ्या मशीनला हात का लावलास?"

दादानं कामगारांना बाहेर पाठवलं, दार लावलं. मी भांडायला पदर खोचून तयार. तो खाली बघत म्हणाला, "रंध्याच्या मशीनलाही बसव एक कॉलर. मला पट्टीवरच्या रेघा दिसत नाहीत, छोटे. दोन वर्षं झाली. तुझा ठोकळा बोटांना कळतो."