सायलीच्या पेटीची खंडेनवमी

२२ सप्टेंबर, सोमवार
मी रागावलेले नाही. हे आधीच लिहून ठेवते.
चाकणच्या मोठ्या कंपनीचे नौशादसाहेब आज कारखान्यात आले. आपण त्यांना पुठ्ठ्याचे खोके पुरवतो. दुसरं गिऱ्हाईक नाही, ते गेले तर शटर खाली. साहेब म्हणाले, मावशी, तुमची गाडी कुठवर आली ते आम्हाला कॉम्प्युटरवर दिसेल का? मी म्हटलं, दिसेल की, संध्याकाळपासून. तर आमची कॉम्प्युटरवाली सायली कोपऱ्यातून म्हणते, नाही दिसणार, आपल्याकडे ती सोय नाही. साहेबांच्या देखत!
सोय नाही तर कर ना. आयटी डिपार्टमेंट ठेवलंय कशाला?
दाखवतेच हिला.

२३ सप्टेंबर, मंगळवार
सायलीला कामं लावली. गाडी कॉम्प्युटरवर दिसली पाहिजे. गुड मॉर्निंगचे फोटो न पुसता माझ्या मोबाइलमध्ये जागा झाली पाहिजे. जावयाचा टीव्ही. संडासातला पंखा. म्हणाली, मॅडम, पंखा इलेक्ट्रिशियनचं काम आहे. म्हटलं, त्याला वायर आहे ना? जिंकले.

२५ सप्टेंबर, गुरुवार
आज नीट लक्ष ठेवलं. कटिंग मशिन बिघडतं, आमचे फोरमन उद्धवराव ग्रीसने माखतात, तेव्हा कळतं की माणूस काम करतोय. हिचं कधी काही बिघडतच नाही. मग पगार कशाचा?
आणि एसी! तिच्या खोलीतल्या काळ्या कॉम्प्युटर-पेटीला एसी, मालकिणीला टेबलफॅन. म्हणे पेटी तापते. मी नाही तापत? एसी काढून माझ्या केबिनमध्ये बसवला. ती एवढंच म्हणाली, मॅडम, खोक्यांचे बारकोड स्टिकर या पेटीवरूनच निघतात, स्टिकर नसला तर साहेबांच्या गेटवरून गाडी परत. धमकी देते मला!
ठरलं. दसरा झाला की हिला काढायची. आधी साहेबांना दाखवायचं, हिच्यावाचून आपलं काही अडत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार
सायलीला उद्यापासून सुट्टी दिली. ती म्हणे, खंडेनवमीला थांबते ना मी पेटीपाशी. म्हटलं, बाई, निगडीला घरी बस, आराम कर. प्रेमानेच म्हटलं. खंडेनवमीला बायकांना साडी मिळते, तेवढी हिची चुकली.
जाताना खोलीच्या दारावर कागद चिकटवून गेली. पेटी बंद करू नये, हात लावू नये. कारखाना कुणाचा?

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
झकास पूजा झाली. आपली रीतच आहे, आज सगळी मशिनं बंद. धुऊन-पुसून हळदीकुंकू, झेंडूची माळ, उद्या दसऱ्यालाही आराम. कटिंग झालं, पिना मारायचं झालं, वजनकाटासुद्धा झाला. पेटी मात्र आपली घुंईऽ करतेय. उद्धवराव म्हणाले, वहिनी, तिनं कागद लावलाय, ऱ्हाऊ द्या. म्हटलं, वर्षभर राबते बिचारी, तिलाच सुट्टी नाही? बटण बंद केलं.
जाळीत धूळ ही एवढी! ही आयटीची स्वच्छता. कंप्रेसरची हवा मारली. हवेबरोबर थोडं पाणी, थोडं तेल आलं, ते ओल्या फडक्याने पुसलं. जाळीला कुंकू लावलं, माळ घातली, पुढ्यात नारळ फोडला. पाणी उडालं जरासं. तीर्थच ते.
पेटी एवढी देखणी कधी दिसली नव्हती. साहेबांना फोटो पाठवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ
पेटी चालू होईना. सुट्टीने आळसावली असेल.

दुपार
उद्धवरावांनी परत बटण दाबलं. आधी झेंडूचा वास आला, मग जळका.
मी खोक्यांवर पेनाने लिहून गाडी पाठवली. अक्षर चांगलं आहे माझं. गाडी गेटवरून परत.

संध्याकाळ
साहेबांचा फोन. खोक्यांवाचून त्यांचं पॅकिंग थांबलंय. मग विचारलं, मावशी, फोटोत माळ घातलेला तो सर्व्हर होता का? म्हटलं, हो. तर म्हणाले, उद्या स्टिकरसकट माल आला नाही तर दुसरा सप्लायर बघतो.
सगळा दोष सायलीचा. ऐन वेळी सुट्टीवर जाते.

४ ऑक्टोबर, शनिवार
सायलीला मी बोलावलं नाही. उद्धवरावांनी बोलावलं. मी फक्त निगडीला गाडी पाठवली. आणि साडी.
तिने पेटी उघडली. आत पाकळ्या आणि कुंकवाचा चिखल. वाटलं, ओरडेल. नाही ओरडली. म्हणाली, मॅडम, पूजा मनापासून केलीत. उद्धवरावांना एकदम खोकला आला. सकाळपासून नव्हता.
मग म्हणे, पेटीतलं सगळं ती रोज दुसरीकडे साठवून ठेवते. रोज काहीतरी करत होती तर सांगायचं ना! स्वतःचा लॅपटॉप लावला, दुपारी स्टिकर सुरू. गाडी गेली.

६ ऑक्टोबर, सोमवार
साहेब येऊन गेले. शटर खाली येत नाही. पण निम्मी ऑर्डर तळवड्याच्या सप्लायरला. आणि यापुढे मालाचं सगळं सायली मॅडमशीच बोलणार म्हणाले. ती मॅडम. मी मावशीच.
एसी परत तिच्या खोलीत. टेबलफॅनही तिकडेच गेला, नवी पेटी येईपर्यंत लॅपटॉपला वारा हवा म्हणे. खोलीला कुलूप, किल्ली तिच्याकडे.
तिला काढायचीच आहे. दिवाळी होऊ दे. मी विचारलं, लक्ष्मीपूजनाला नव्या पेटीला हळदीकुंकू कोण वाहणार? म्हणाली, मी वाहीन, तुम्ही दाराच्या काचेतून नमस्कार करा.
आत्ता जाता जाता एकदा करून बघितला. दाराच्या फटीतून पायांवर गार हवा येते. तेवढ्यासाठी परत एकदा केला.