पाच दगडांवर माझी माणसं

१ डिसेंबर, रविवार. सकाळी

लक्ष्मीबाईचा गुडघा कसा आहे? शिवकुमारची ॲसिडिटी? दिपालीची अवघडलेली मान सुटली का? सृष्टीचा खोकला? शिल्पाचं बीपी? एवढं सगळं घरच्या ग्रुपवर एकेकाचं नाव घालून विचारलं. खाली आजचं चित्र टाकलं : ज्वारीच्या कणसावर पोपट.

दुपारी. सगळ्यांनी बघितलं. निळ्या खुणा आल्या. बोललं कोणी नाही. चांगल्या चित्रापुढं माणूस गप्पच होतो, असं मोबाईलवरचे चित्रकलेचे सर सांगतात. म्हणजे पोपट जमलाय.

संध्याकाळी. सूनबाईनं, म्हणजे दिपालीनं, अंगठा पाठवला. पोपटाला की खोकल्याला, ते कळलं नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

संकल्प : रोज एक चित्र. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात जन्म गेला, आतला कलाकार उपाशी राहिला. आता त्याला पोटभर जेवू घालायचं.

बायको, लक्ष्मीबाई, इथं असती तर म्हणाली असती, आधी तुम्ही जेवा. ती पुण्याला पोराकडं, शिवकुमारकडं, आहे. सृष्टीच्या पहिलीच्या ॲडमिशनच्या वेळी पंधरा दिवसांसाठी गेली. सृष्टी आता तिसरीत आहे. पंधरा दिवस जरा लांबले, एवढंच.

५ डिसेंबर, गुरुवार

आज चित्र नाही. गॅस संपला. गॅस नसला की सुचत नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

कल्पना सुचली! सुचल्या सुचल्या लिहून ठेवतो.

महिनाअखेरीस येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. दरवर्षी तेच. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपट, घालायची, आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना फासायचा, वर कावेचे, गेरूचे, पट्टे. झाले पांडव. पूजा करायची, आंबील प्यायची, सगळ्या भाज्यांची भज्जी खायची, घरी यायचं. पण त्या दगडांकडं कलेच्या नजरेनं कोणी बघितलंय का? पाच दगड. आणि आपल्या घरची माणसं किती? लक्ष्मीबाई, शिवकुमार, दिपाली, सृष्टी आणि नांदेडला दिलेली शिल्पा. पाच!

चुन्याऐवजी ऑइलपेंट. प्रत्येक दगडावर एकेकाचा चेहरा. येळवशीला सगळे रानात येणार, कोपीत वाकून बघणार, तर आत आपलंच तोंड! लक्ष्मीबाई म्हणेल, अगंबाई, हे कवा शिकलात? मग पुण्याला परत कशाला जाते.

७ डिसेंबर, शनिवार

ग्रुपवर आमंत्रण टाकलं : येळवशीला सोमवारी ३० तारखेला सर्वांनी यावे, रानात मोठे सरप्राईज आहे. शिवकुमारनं लिहिलं, बघू. शिल्पानं लिहिलं, बघते. आपल्याकडं 'बघू' म्हणजे हाव, होच. न्हाई म्हणणारा माणूस सरळ न्हाई म्हणतो.

चला, सगळे येणार!

९ डिसेंबर, सोमवार

ताहेरभाईच्या रंगाच्या दुकानात गेलो. मुरुडात त्याच्या आजोबापासून दुकान आहे. दर येळवशीला आपल्याच रानात जेवायला असतो. त्याला एकट्याला बेत सांगितला. म्हणाला, आप्पा, दगडाला आधी प्रायमर मारा, न्हाई तर उन्हाळ्यापर्यंत तुमचं खानदान पोपडे धरील.

माणसाच्या अंगाचा रंग शेडकार्डात नसतो. 'बिस्किट' आणि 'विटकरी' मिसळून घेतला. दिपालीसाठी बिस्किट जास्त. सूनबाई आहे, सांभाळून घ्यावं लागतं.

फोटो बघून काढायला काय हरकत आहे, असं ताहेरभाई म्हणून राहिला होता. त्याला काय कळतं. खरा कलाकार मनातून काढतो. शिवाय अल्बम लक्ष्मीबाईच्या कपाटात आहे आणि किल्ली तिच्या कमरेला, पुण्यात.

११ डिसेंबर, बुधवार

रानातून दगड घरी आणले. नागुबाई आपलं रान बटईनं करते, तिनं बघितलंच. म्हणाली, मालक, पांडवाला कुठं नाक-डोळे असतेत? दगड हाय म्हणून तर देव हाय. मी म्हटलं, कला आहे ही. ती म्हणाली, मग पुढल्या साली ऑइलपेंटावर चुना कसा बसंल?

लई व्यवहारी बाई. दुर्लक्ष केलं.

१२ डिसेंबर, गुरुवार

पहिला दगड लक्ष्मीबाई. डोळे झाले, नाकावर अडलो. नाकाची सावली कुठं पडते? सर सांगतात, आरशात बघा. दाढीचा आरसा खिडकीत टांगून दिवसभर नाक शिकलो. नाकावर आता आपला हात बसलाय.

१५ डिसेंबर, रविवार

रविवारचा व्हिडिओ कॉल. ठरवलं होतं, बोलायचं कमी, चेहरे बघायचे जास्त. लक्ष्मीबाईनं फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर आडवा ठेवला होता. छताचा पंखा दिसला. पंखा चांगला आहे. शिवकुमार म्हणाला, नेट स्लो आहे आप्पा, कॅमेरा बंद करतो. दिपालीचा हात दिसला, बांगड्या नव्या. सृष्टी तोंडाला मांजराचे कान आणि मिशा लावून आली. हल्ली मोबाईलात ते आपोआप लागतं. शिल्पा गाडीवरून बोलत होती, तोंडाला स्कार्फ.

कोपऱ्यात मी मात्र लख्ख दिसलो.

तरी बरंच बघून झालं. कलाकाराला इशारा पुरे. लक्ष्मीबाई तिकडं कंटाळली आहे, आवाजावरून कळतं. सारखी हसत होती, पण ते वरवरचं.

१७ डिसेंबर, मंगळवार

तीन दगड पूर्ण झाले. काय सांगू! चुन्याच्या भिंतीला टेकवून समोर चहा घेत बसलो. माणसांनी घर कसं भरल्यासारखं वाटलं. शिवकुमारच्या दगडाला म्हटलं, पाठ सरळ ठेव. लहानपणापासून वाकून बसायची सवय आहे त्याला.

१८ डिसेंबर, बुधवार

राहवलं नाही. सरप्राईज फोडलं. ग्रुपवर लिहिलं की पाच पांडवांवर तुम्हा पाच जणांचे चेहरे काढतोय.

जावईबापूंचा, सत्यमचा, लगेच फोन. आप्पा, आम्ही पांडवांत न्हाई, म्हणजे कौरवांत धरलं का? मी म्हटलं, तसं नाही हो, दगडच पाच. ते म्हणाले, हाव हाव, मुलगी तुमची, दगड तुमचे, आम्ही आपले उपरे. मी म्हटलं, तुम्हाला श्रीकृष्ण करतो, सहावा दगड शोधतो. म्हणाले, ऱ्हाऊ द्या, अर्धापूरच्या आमच्या केळीत दगडाला काय तोटा न्हाई.

थट्टा केली. स्वभाव गमत्या आहे त्यांचा.

२० डिसेंबर, शुक्रवार

शिल्पाचा फोन. सासूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तीस तारखेलाच निघालं. हे थट्टेच्या आधी निघालं का नंतर, ते विचारलं नाही. रडवेली झाली होती. म्हणाली, आप्पा, फोटो पाठवा पण. मी म्हटलं, ऑपरेशन सकाळी उरकलं तर दुपारून निघ. नांदेड काय, हाकेच्या अंतरावर.

म्हणजे शिल्पाचं दुपारून धरू.

२२ डिसेंबर, रविवार

सृष्टीशी फोनवर बोललो. एकटीच होती, मोकळी बोलली. आबा, आम्ही समुद्रावर जाणार आहोत, आणि आजीनं गॉगल घेतलाय!

लक्ष्मीबाईनं. गॉगल.

विचार केला. डिसेंबरातही रानात ऊन लागतंच. कोपीतून बाहेर आलं की डोळे दिपतात. येळवशीसाठीच घेतला असणार. लेकरांना नीट कळत नसतं.

दुपारी लक्ष्मीबाईच्या दगडाला गॉगल काढला. काळा रंग उरलाच होता. डोळे जरा तिरळे झाले होते, तेही झाकले गेले.

२४ डिसेंबर, मंगळवार

संकल्प : रागवायचं नाही.

शिवकुमारचा फोन. आप्पा, वर्षाची सुट्टी उरली होती, बुकिंग आधीच झालं होतं, आईनं पण कधी समुद्र बघितला नव्हता. मी म्हटलं, छान केलंस. तो म्हणाला, तुम्हीपण चला म्हणणारच होतो, पण तुमची येळवस. मी म्हटलं, बरोबर, माझी येळवस. मग लक्ष्मीबाई फोनवर आली. म्हणाली, भज्जीत मीठ बघून घाला, नागुबाईचा हात जड हाय. मी विचारलं, गुडघा? म्हणाली, वाळूत काय होतंय त्याला.

बाकी काही बोललो नाही. तिला नेहमी मी न बोललेलंच जास्त कळतं.

२५ डिसेंबर, बुधवार

आज चित्र नाही. तब्येत बरी आहे.

२६ डिसेंबर, गुरुवार

शांतपणे हिशेब मांडला. समुद्र बघायला किती वेळ लागतो? एकदा बघितला की बघितला. पाणीच ते. रविवारी तिकडून निघाले तर सोमवारी पूजेला पोचतात. शिवकुमार गाडी चांगली चालवतो. लक्ष्मीबाईनं आजवर एक येळवस चुकवली नाही. मागची चुकली, ती सृष्टीच्या तापामुळं. त्याच्या आधीची गॅदरिंगमुळं. त्या धरायच्या नाहीत.

उत्साह आला. आंबिलीच्या बिंदगीवरही वेलबुट्टी काढली. मातीची घागर, किती गरीब दिसते बिचारी.

२८ डिसेंबर, शनिवार

ग्रुपवर समुद्राचा फोटो. माणसं लांब उभी, मुंगीएवढी. त्यात लक्ष्मीबाई कोणती, ते गॉगलवरून ओळखलं.

मी अंगठा पाठवला.

२९ डिसेंबर, रविवार

पाचही दगड पूर्ण. सृष्टीला रिबिनी, दिपालीला टिकल्यांची साडी, शिवकुमारला चष्मा. पोत्यात घालून रानात नेले, कोपीत मांडले. नागुबाईनं एकेक न्याहाळलं. काहीतरी म्हणणार होती, पण पदर तोंडाला लावून भज्जीच्या भाज्या निवडायला गेली. कलेचा पहिला परिणाम असाच असतो.

उद्या सगळ्यांना काय सांगायचं, ते पाठ केलं. थोडक्यात बोलायचं. हुंदका आला तर खोकायचं.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस. सकाळी

पहाटे आंघोळ. नवं धोतर. गावात कुत्रं नाही, सगळे रानात. आजूबाजूच्या रानांत गाड्या, ट्रॅक्टर, लेकरांचा गलका. आपल्या कोपीवर नवी शाल घातली. बांधावर उभं राहिलं की रस्ता दिसतो, म्हणून बांधावर उभा आहे.

बारा वाजले. पांढरी गाडी दिसली. शेजारच्या रानात वळली.

पूजेला किती खोळंबायचं? नागुबाईची नातवंडं भुकेली. तिनं दोनदा आठवण केली, मालक, आंबील आंबट होऊन राहिली. मग पूजा उरकली. पाचही कपाळांना कुंकू लावलं, नावं घेतली. प्रत्येकाच्या पुढं पान वाढलं : भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. सृष्टीला तिखट कमी. मीठ बघूनच घातलं होतं.

दुपारी. शिल्पाचा मेसेज : ऑपरेशन चांगले झाले, सासूबाईंना स्वच्छ दिसायला लागले.

३० डिसेंबर, संध्याकाळ

ताहेरभाई आला. आंबील प्याला. बिंदगीच्या रंगाचा किंचित वास आंबिलीत उतरला होता. तो म्हणाला, आप्पा, कुछ नया है. दुसरा पेला मात्र घेतला नाही.

मग कोपीत वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. मी मागून म्हटलं, ओळखा बघू एकेकाला.

तो म्हणाला, सांगू का? रागावू नका. पहिले आप्पा, गॉगल घातलेले. दुसरे आप्पा, चष्म्यातले. तिसरे आप्पा, टिकल्यांच्या साडीत. हे छोटे आप्पा, रिबिनी बांधून शाळेला निघाले. आणि हे आप्पा, जरा उदास. पाचीच्या पाची पांडव तुमचेच तोंड घेऊन बसलेत, आप्पा.

नागुबाई इतकी हसली की हातातली पळी पडली. म्हणाली, मी कालच वळखलं होतं, पण मालकाचा हात कुणी धरावा.

मी म्हटलं, रक्ताची माणसं आहेत, चेहरामोहरा मिळणारच. शिवकुमार लहानपणापासून माझ्यावर गेलाय, सगळे म्हणतात. ताहेरभाईनं लगेच मान डोलावली. हाव हाव, खून का असर. आणि भज्जी वाढून घेतली. चांगला माणूस आहे.

ते गेल्यावर आत जाऊन बसलो. शिवकुमार माझ्यावर गेला, शिल्पा गेली, सृष्टीही गेली असेल. पण दिपाली उदगीरची. आणि लक्ष्मीबाई निलंग्याची. तिच्या तोंडावर माझं नाक कुठून आलं?

डोळे मिटून तिचं नाक आठवायला बसलो. संसार झाला एवढा, नाक आठवायला काय लागतं. आवाज आठवला. गुडघ्यावर हात ठेवून उठायची तऱ्हा आठवली. मग गॉगल आठवला. त्याच्या खाली काही येईना.

बाहेर नागुबाईच्या नातवंडांनी कडब्याच्या पेंढीचा हेंडगा मशालीसारखा पेटवला आणि ओरडत पिकाच्या कडेनं पळाली. मी बघितलं नाही.

ग्रुपवर लिहिलं : येळवस उत्तम झाली. माणसं भरपूर होती. चित्रांचे सर्वांनी कौतुक केले. चेहऱ्यांत किरकोळ दुरुस्ती बाकी आहे, त्यासाठी प्रत्येकाने आपल्या तोंडाचा एक फोटो पाठवावा. समोरून, जवळून, उजेडात. मांजराचे कान नकोत. लक्ष्मीबाईने गॉगल काढून.

शेवटी 'घाई नाही' असं लिहिलं होतं. ते पुसलं आणि लिहिलं : लवकर पाठवा.