शेंदूर लावलेली खाण

सोमवार, २० एप्रिल
आणि सगळ्यात आधी टपकली ती समोरची कुत्रेवाली योके! मी कालव्याकाठच्या सरकारी गवतात पळीने खणत होते. केबलवाल्यांनी खड्डा अर्धवट बुजवलाय, त्या मातीत सोनं आहे. डोळ्यांनी पाहिलं. वर्खासारखं पातळ, पिवळंधमक. योके बोट नाचवून डचमध्ये काहीबाही बोलली. मीही हसत हसत मराठीत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.
आमचे हे भंडाऱ्याकडे मॅंगनीजच्या खाणीवर मुकादम. ते सांगायचे, जागेवर हक्क हवा तर चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकायच्या आणि रोज थोडं तरी खणायचं. खणणं थांबलं की जागा दुसऱ्याची. मी सुनेचे चार लाकडी चमचे ठोकले. मंजूषाचा स्वयंपाक तसाही मायक्रोवेव्हमध्येच होतो.

मंगळवार, २१ एप्रिल
अंबरीशला सांगितलं, माझं तिकीट रद्द कर, खाण टाकून जाता येत नाही. लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, आई, व्हिसा संपतोय, पुढच्या बुधवारचं विमान आहे. पोटचा पोरगा बँकेत कामाला, आणि सोन्याची किंमत नाही! मंजूषाने विचारलं, माझे चमचे पाहिलेत का? म्हटलं, नाही बाई.

शुक्रवार, २४ एप्रिल
दोन दिवस पाऊस, त्यात गुडघा. खणलं नाही. पण खिडकीतून नजर ठेवली, तेही कामच. तर त्या मेलीने कुत्रं नेमकं माझ्या खाणीत बसवलं! आणि बसून जे करतात ते केलं त्याने.
आता शेवटचा उपाय. गोल दगड धुतला, देवाच्या डबीतला शेंदूर तेलात कालवून फासला, ठेवला मधोमध. आमच्याकडे असल्या दगडापायी रस्ता वळवतात, दगड हलत नाही. मामलेदाराची छाती होत नाही.

सोमवार, २७ एप्रिल
जिंकले! सकाळी बघते तर अख्खी गल्ली शेंदरी. टोप्या, झेंडे, कुत्र्याच्या गळ्यातलं फडकंसुद्धा. योकेने दगडापाशी फुलं ठेवली आणि मला मिठी मारली. नात गुंजन इंग्रजीत म्हणाली, आजी, आज राजाचा वाढदिवस, सगळे ऑरेंज घालतात. असेल. शत्रू शरण आला की कारण विचारू नये.

मंगळवार, २८ एप्रिल
नगरपालिकेची दोन माणसं आली. त्या योकेनेच फोन केला असणार, सापीण कुठली! गुंजन त्यांचं मला, माझं त्यांना समजावून सांगत होती. मी मातीतून वेचलेल्या सोन्याची पुडी सोडून दाखवली. त्यांतल्या थोरल्याने बोटांत चुरगळलं आणि हसला. गुंजन म्हणाली, आजी, ईस्टरला मुलांसाठी इथे चॉकलेटची अंडी लपवली होती, हा त्यांचा कागद.
असेल वरच्या थरात कागद. खाली कोणी पाहिलंय?
मंजूषाने चमचे उपटून नेले. माझ्याकडे बघत बघत धुतले. अंबरीशने माझी बॅग दारात आणून ठेवलीय, विमान उद्या.
दगड मात्र कोणी हलवला नाही. थोरल्याला आवडला म्हणे.
संध्याकाळी पळी योकेच्या हातात दिली. रोज थोडं खण, खुणेने सांगितलं. ती जा जा म्हणाली. इथे त्याचा अर्थ हो हो.
माणसं गुरुवारी मशीन घेऊन येणार आहेत. गुंजन म्हणते बुजवायला. तिला काय कळतंय. मशीन आणतायत ते खणायलाच.